पत्र्यावर पडलेला उजेड

योगिनी थेटेचा आवाज गेला तेव्हा फळ्यावर जस्ताच्या पत्र्याचं चित्र अर्धंच काढून झालं होतं.

तसा तो दिवाळीपासून जात-येतच होता. गंगापूर रोडवरच्या त्या क्लासमध्ये ती चौदा वर्षं फिजिक्स शिकवत होती. सकाळी अकरावी, मग बारावी, दुपारी परीक्षा पुन्हा देणाऱ्यांची रिपीटर बॅच, संध्याकाळी पुन्हा बारावी. प्रत्येक बॅचला तीच वाक्यं, त्याच जागी थांबणं, तोच एक विनोद. कुठल्या बॅचला काय सांगून झालंय हे हल्ली तिला मुलांच्या वह्या बघितल्याशिवाय आठवायचं नाही. घरी आल्यावर नवऱ्याशी, अमोलशी, बोलायला शब्दच उरायचे नाहीत. तो ओझरच्या विमान कारखान्यात कामाला होता. पहाटेच्या अंधारात कंपनीची बस पकडायचा आणि संध्याकाळी सोफ्यावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. दोघं एकमेकांवर चिडत नव्हते. चिडायलाही थोडी ताकद लागते.

त्या दुपारी रिपीटर बॅचला फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट चालू होता. धातूच्या पत्र्यावर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पण कुठल्याही प्रकाशाने नाही, लाल उजेडाने तर नाहीच, इतकं सांगून झालं होतं. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून सरिताने हात वर केला. सरिता सुरगाण्याकडची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. मेडिकलची परीक्षा दुसऱ्यांदा देत होती. सहसा ती काही विचारायची नाही.

"मॅडम, लाल उजेडाने इलेक्ट्रॉन निघत नाही म्हणता. पण तो उजेड खूप वाढवला तर? नाहीतर तसाच दिवसभर ठेवला तर? थोडी थोडी ऊर्जा साठून कधीतरी पुरेशी होईलच ना?"

उत्तर योगिनीच्या जिभेवर होतं. फ्रीक्वेन्सी, म्हणजे प्रकाशाची कंपनं, कमी असेल तर इंटेन्सिटी, म्हणजे उजेडाचा जोर, कितीही वाढवा, उपयोग शून्य. हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. घशात काहीतरी खरवडल्यासारखं झालं. वर्गात कुणीतरी हसलं.

घशाच्या डॉक्टरांनी कॅमेरा घालून बघितलं. "स्वरतंतूंना सूज आहे, आणि गाठी धरायला लागल्यात," ते म्हणाले. "तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण येतो. ऐकलं नाहीत तर ऑपरेशन."

योगिनीने मान हलवली. खरं सांगायचं तर तिला आधी बरंच वाटलं. तीन आठवडे कुणी आपल्याकडून बोलण्याची अपेक्षा करणार नाही.

क्लासचे मालक धनराज सर एकेकाळी स्वतः फिजिक्स शिकवायचे. आता ते ॲडमिशन, इमारतीचं भाडं आणि पालकांचे फोन यांत बुडालेले असायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिच्यासाठी गरम पाणी मागवलं आणि म्हणाले, "तब्येत आधी, मॅडम. तुम्ही बिनधास्त सुट्टी घ्या. व्हिडिओ लेक्चर विकत घेऊनच ठेवलीत आपण. पडद्यावर लावतो. तसंही जूनपासून थिअरी सगळी पडद्यावरच करावी म्हणतोय."

ते सहज बोलले, पण योगिनीच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. तीन आठवडे पडदा लागेल, आणि काही फरक पडला असं एकाही मुलाला वाटणार नाही. गेली कित्येक वर्षं ती तरी काय वेगळं करत होती? तिने फोनवर टाइप करून सरांसमोर धरलं: 'बाकी बॅचना व्हिडिओ लावा. रिपीटर मी घेते. हा एक धडा तरी.'

"न बोलता?"

'करून दाखवते.'

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बघा बुवा. पण मुलं बाहेर जाऊन चहा पीत बसली तर मला सांगू नका."

करून दाखवते असं लिहिलं खरं, पण तो प्रयोग तिने स्वतः कधी केला नव्हता. कॉलेजात चित्र होतं, पुढे शिकवतानाही चित्रच होतं. आता तिने घरीच जुळवाजुळव सुरू केली. मुरांब्याची रिकामी काचेची बरणी, तिच्या प्लास्टिकच्या झाकणातून आत सोडलेली तांब्याची जाड तार, तारेच्या खालच्या टोकाला चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या. वरच्या टोकाला जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा. तो कूलर बनवणाऱ्याच्या दुकानातून मागून आणला. नळाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा लोकरीच्या शालीवर घासायचा आणि पत्र्याला टेकवायचा. पत्र्यावर जादा इलेक्ट्रॉन बसले की खालच्या दोन पट्ट्या एकमेकींना ढकलून फाकतात. इलेक्ट्रॉन निघून गेले की पट्ट्या मिटतात. बस, एवढंच यंत्र. जानेवारीची कोरडी थंडी होती, पाइप शालीवर तडतडला आणि पट्ट्या पहिल्याच फटक्यात फाकल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने बरणी टेबलावर ठेवली आणि फळ्यावर लिहिलं: 'सरिताचा प्रश्न. उजेड वाढवून बघू.'

आधी साधा पिवळा बल्ब. पट्ट्या फाकलेल्याच. मग डेकोरेटरकडून आणलेला लग्नाच्या मांडवातला हॅलोजन. तो लावल्यावर पुढच्या बाकांवरच्यांनी तोंडं फिरवली, इतका उजेड. पट्ट्या तशाच. सरिता उठून जवळ आली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बरणीत बघत राहिली.

"राहू द्या मॅडम. तास संपेपर्यंत राहू द्या."

योगिनीने राहू दिलं. पिंपळगाव बसवंतचा संघर्ष नावाचा एक मुलगा होता, सगळ्यात बोलका. त्याच्या घरचं द्राक्षांचं पॅकहाऊस होतं आणि डॉक्टर होण्यात त्याला फारसा रस नव्हता. तो पुढे आला आणि पत्र्याला बोट लावून किंचाळला, "आई गं! तवा झालाय नुस्ता!"

वर्ग हसला. पत्रा भाजण्याइतका तापला होता, तरी त्याचं बोट लागेपर्यंत पट्ट्या फाकलेल्याच होत्या. तास संपला. काहीच घडलं नाही, आणि काहीच न घडणं हेच दाखवायचं होतं, हे योगिनीला फळ्यावर पटवून देता आलं नाही.

"मॅडम, आमच्या पॅकहाऊसला माश्या मारायचा निळा दिवा हाय," संघर्ष जाताना म्हणाला. "पुस्तकात अल्ट्राव्हायोलेट लिहिलंय ना? त्यो तसलाच असतो. उद्या आणतो."

आणला. जांभळट-निळा उजेड पत्र्यावर पडला, मुलांचे पांढरे शर्ट त्यात चमकायला लागले. पट्ट्या हलल्या नाहीत. योगिनीने पुन्हा पाइप घासला, पुन्हा दिवा धरला. काही नाही. मागच्या बाकांवरची मुलं एकेक करून उठली. दाराच्या काचेतून धनराज सरांचा चेहरा दिसला आणि नाहीसा झाला. शेवटी वर्गात बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली.

"दिवा बोगस हाय का पत्रा?" संघर्षने विचारलं.

योगिनीने खांदे उडवले. बोलता येत असतं तर तिने चार वाक्यांत वेळ मारून नेली असती. आता तसंही करता येत नव्हतं. बरणी पिशवीत घालून ती रिक्षाने घरी आली आणि चपला न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिली. पाठ दुखत होती, डोकं जड झालं होतं. उद्या सरांना सांगू, लावा पडदा.

अमोल आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. ती बोलत नाही म्हणून गेले काही दिवस तोही हळू आवाजात बोलायचा, जणू घरात कुणी आजारी झोपलंय.

"चहा टाकू?"

तिने मान हलवली. त्याने पाण्याच्या फिल्टरखाली पातेलं धरलं. फिल्टरचा छोटा निळा इंडिकेटर पेटला आणि पाणी गळायला लागलं. योगिनी त्या इंडिकेटरकडे बघत होती. मग ताडकन उठली. पाण्यातले जंतू मारायला या डब्यात एक नळी असते. माश्यांना भुलवणाऱ्या दिव्याने जंतू मरत नाहीत. दोन्हींना अल्ट्राव्हायोलेटच म्हणतात, पण हा प्रकाश त्याच्याहून कितीतरी जास्त फ्रीक्वेन्सीचा. तिने कागद ओढला, दोन्हींचे आकडे मांडले. जस्तातून इलेक्ट्रॉन काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या खाली माश्यांचा दिवा राहत होता. फिल्टरची नळी वर जात होती.

तिने अमोलच्या हाताला धरून फिल्टरकडे बोट दाखवलं आणि पिळून उघडण्याची खूण केली.

"फिल्टर खोलायचा? आत्ता? आणि पाणी?"

तिने गॅसकडे बोट दाखवलं. उकळून पिऊ.

अमोलने उसासा सोडला, पण प्लग काढून पेचकस घेऊन बसला. पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी वायर आणि चोकसकट निघाली. त्या उजेडाने डोळे जातात, कातडी भाजते, हे योगिनीने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याला दाखवलं. मग बुटांच्या खोक्यात नळी बसवून फक्त एका बाजूला खिडकी कापली आणि ती पत्र्याकडे केली. पाइप घासला, पट्ट्या फाकल्या, नळी लावली.

पट्ट्या फाकलेल्याच राहिल्या.

योगिनीने कपाळ टेबलाला टेकवलं. तिला रडूसुद्धा आलं नाही, फक्त झोप आली.

"हा पत्रा किती मळलाय," अमोल म्हणाला. "कुणाकुणाचे हात लागलेत याला?"

तिने मान वर केली. पत्र्यावर संघर्षच्या बोटाचा ठसा होता, त्यावर दोन दिवसांची हवा आणि हॅलोजनचा ताप. जस्तावर हवेने थर चढतो आणि तो इलेक्ट्रॉन अडवतो. तिने भांड्यांच्या कपाटामागून पॉलिश पेपर शोधून काढला आणि पत्रा घासायला लागली, पांढुरका रंग जाऊन चकाकी येईपर्यंत. पुन्हा पाइप, पुन्हा नळी.

पट्ट्या हळूच खाली आल्या आणि मिटल्या.

तिला ओरडायचं होतं. ओरडता येत नव्हतं म्हणून तिने अमोलच्या पाठीत गुद्दा घातला. "अगं!" म्हणत तो वाकला, बरणीत बघितलं. "हे व्हायला पाहिजे होतं का?"

तिने मान इतक्या जोरात हलवली की तो हसायला लागला. मग ती पुन्हा पुन्हा तेच करत बसली. चहा पातेल्यातच आटला.

पुढच्या तासाला आधीच्याहूनही कमी मुलं होती. योगिनीने फळ्यावर सूचना लिहिल्या: खोक्याच्या खिडकीत बघायचं नाही, हात घालायचा नाही, टेबलाच्या मागच्या बाजूला उभं राहायचं. पत्रा सगळ्यांसमोर घासला. आधी हॅलोजन लावला, पट्ट्या ढिम्म. तो विझवून खोक्यातली नळी लावली. खोक्यातून जेमतेम फिकट निळसर झाक बाहेर येत होती.

पट्ट्या मिटल्या.

"आँ?" संघर्ष म्हणाला. "परत करा मॅडम."

तिने परत केलं. मग खोका आणि पत्रा यांच्यामध्ये खिडकीची एक साधी काच धरली. निळसर झाक काचेतून आरपार दिसत होती, पण पट्ट्या हलल्या नाहीत. काच काढली, लगेच मिटल्या.

"काचेतून उजेड येतोय की," एक मुलगी म्हणाली.

"दिसणारा येतोय," सरिता म्हणाली. "काम करणारा अडतोय."

योगिनी खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभी होती. नेहमीसारखी ती बोलू शकत असती तर इथे मध्येच थांबवून पूर्ण व्याख्या सांगितली असती. आता ती नुसती ऐकत राहिली.

"पण मला हे पटत नाही," सरिता म्हणाली. "हॅलोजनकडे या नळीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा आहे. ती पत्र्यात शिरलीसुद्धा. मग गेली कुठे?"

"माझ्या बोटात गेली," संघर्ष फोड दाखवत म्हणाला. "पत्रा तापला ना. तिथंच गेली."

"म्हणजे सगळ्या पत्र्यात वाटली गेली."

"हां. लय लोकांना थोडी थोडी."

"आणि एका इलेक्ट्रॉनला दोनदा मिळाली तर?" मघाची मुलगी म्हणाली.

"दुसऱ्यांदा मिळेपर्यंत पहिली उडून जाते, शेजाऱ्यांत," सरिता सावकाश म्हणाली. ती कुणाशी बोलत नव्हती, पत्र्याकडे बघत होती. "आमच्या पाड्याखाली एक ओहोळ आहे. पावसाळ्यात उडी मारून ओलांडावा लागतो. एकाच उडीत पलीकडे गेलं तर गेलं. अर्धी उडी आता आणि अर्धी नंतर, असं नाही चालत. अशा शंभर अर्ध्या उड्या मारल्या तरी पाण्यातच." ती थांबली. "म्हणजे उजेड धारेसारखा येत नाही. सुट्टा सुट्टा येतो. एकेक उडी. हॅलोजनच्या उड्या खूप, पण सगळ्या छोट्या."

"आणि नळीच्या थोड्या, पण लांब," संघर्ष म्हणाला. "मग त्या इंटेन्सिटीचा काय उपयोग?"

"लांब उडीवाल्या जास्त असतील तर जास्त इलेक्ट्रॉन पलीकडे जातील ना. पट्ट्या लवकर मिटतील."

योगिनीने खोका पत्र्यापासून लांब सरकवून पुन्हा प्रयोग केला. पट्ट्या मिटल्या, पण रेंगाळत. मग खोका अगदी जवळ आणला. झटकन मिटल्या. तिने फळ्याकडे वळून सूत्र लिहिलं. इतकी वर्षं लिहीत होती तेच. ते लिहिताना तिचा हात मध्येच थांबला, कारण पहिल्यांदाच त्यातल्या वजाच्या चिन्हाचा, म्हणजे पत्र्यातून सुटायला इलेक्ट्रॉनला मोजाव्या लागणाऱ्या ऊर्जेचा, अर्थ तिला डोळ्यांसमोर दिसत होता: ओहोळाची रुंदी.

"पण मॅडम," सरिता वही मिटता मिटता म्हणाली, "पत्रा खूपच तापवला, अगदी लालभडक, तरीही नाही निघणार?"

योगिनीने लिहिलं: 'निघतात. ते वेगळं प्रकरण. उद्या.'

सरिता हसली. तिचं हसणं योगिनीने पहिल्यांदाच बघितलं असावं.

मुलं गेल्यावर धनराज सर आत आले. बाहेर उभं राहून त्यांनी बरंचसं बघितलं होतं. खुर्ची ओढून ते बसले आणि म्हणाले, "मला करू द्या." त्यांनी शाल मांडीवर घेतली, पाइप घासला, नळी लावली. पट्ट्या मिटल्या. त्यांनी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केल्यावर पाइप हातात धरूनच बसून राहिले.

"मीही हे शिकवलंय हो, बरीच वर्षं," ते म्हणाले. "पाहिलं आज."

बाहेर फोन वाजत होता. ते उठले नाहीत.

"खोटी आशा लावत नाही, मॅडम. जूनपासून पडदा लागणार. करार झालाय, आणि पालकांनाही तेच हवंय. पण रिपीटर तुमच्याकडे ठेवतो. एकच बॅच. पगार कमी होईल."

योगिनीला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं, पण तेवढं नाही. तिने फोन काढून लिहिलं: 'चालेल. टेबल मोठं लागेल. आणि खिडक्यांना पडदे.'

"पडदे देतो," सर म्हणाले आणि फोन घ्यायला गेले.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी थोडं बोलायची परवानगी दिली. आवाज परत आला तो खर्जातला, फाटका. पूर्वीसारखा होणार नाही असं त्यांनी सांगूनच टाकलं. क्लासमधली काही मुलं पडद्याकडेच राहिली, काही तिच्या टेबलापाशी परतली. सरिता आता रोज काहीतरी विचारायची. परीक्षेत तिचं काय होणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. योगिनी तिला "होईल" असं म्हणायची नाही. "विचार पुढे," एवढंच म्हणायची.

जूनमध्ये सकाळच्या बॅच गेल्या. पहिल्या सोमवारी अमोल कामावर गेल्यावर योगिनीने घर आवरलं, भाजी फोडणीला टाकली, आणि मग तिच्या लक्षात आलं की दुपारपर्यंत तिला कुठेही जायचं नाही. गॅस बंद करून ती बाहेरच्या खोलीत आली. अमोलची वाळत घातलेली चादर बाल्कनीतून आत ओढली, उन्हाने कोमट झालेली. तीच अंगावर घेऊन ती सोफ्यावर आडवी झाली. रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली, कुठेतरी कुणाचा तरी नळ चालू होता. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच, उद्याचं एकही वाक्य मनात न जुळवता, तिला झोप लागली.